प्रफुलच्या हाताचं माप

भाजीवाली धापा टाकत आली तेव्हा रीना गोल बाजारातून बाहेर पडून ऑटोंच्या रांगेपाशी पोचली होती. “ओ बाई, ओ निळ्या साडीवाल्या बाई!” अशा हाका बराच वेळ मागून येत होत्या. त्या तिच्या कानांवर पडतही होत्या, पण आज आपण निळी साडी नेसलोय हे तिच्या ध्यानातच नव्हतं, आणि बाजारात कुणी ना कुणी कुणाला तरी बोलावतच असतं. भाजीवालीनं तिचा दंड धरला आणि दुसऱ्या हाताची मूठ तिच्यासमोर उघडली. “कवाची आवाज देऊन राह्यली मी तुमाले! हे पाहा. वांग्याच्या ढिगात पडली होती. हातातून घडी गेली आन् तुमाले समजलं बी नाई?” मुठीत घड्याळ होतं. त्याची स्टीलची चेन एका बाजूनं सुटून बोटांमधून खाली लोंबत होती. रीनानं आपल्या डाव्या मनगटाकडे पाहिलं. तिथं कातडीचा रुंद फिकट पट्टा होता, बाकीच्या हातापेक्षा कितीतरी कोवळा, जणू दुसऱ्याच कुणाचा. तिनं घड्याळ घेतलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून “बरं झालं बाई” म्हणाली. भाजीवाली पदरानं तोंड पुसत परत फिरली आणि रीना भाजीची पिशवी पायाशी ठेवून तिथंच उभी राहिली.

समजलं बी नाई. खरंच समजलं नव्हतं. वांगी निवडताना ते पडलं असेल, तर त्यानंतर तिनं मेथी घेतली होती, मिरच्या घेतल्या होत्या, गर्दीतून वाट काढत इथवर आली होती. आणि या सगळ्या वेळात तिला बरं वाटत होतं. आज सुट्टी आहे म्हणून असेल, उन्हं उतरली म्हणून असेल, अशी काहीतरी समजूत तिनं मनातल्या मनात घालून टाकली होती. लहानपणी रानातून येताना हात हलवत चालायची तशी ती चालत होती. कोपर पोटाशी धरायचं ती विसरली होती. आता तिच्या लक्षात आलं की बरं वाटत होतं ते घड्याळ नव्हतं म्हणून.  कुणी पाहिलं तर नाही ना, असं वाटून तिनं आजूबाजूला नजर टाकली. ऑटोवाले आपापसात बोलत होते. कुणाचंच तिच्याकडे लक्ष नव्हतं.

जटपुरा गेटजवळच्या बोळात देवरावाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काचेची एक पेटी, मागे खुर्ची आणि भिंतीवर वेगवेगळ्या वेळा दाखवणारी घड्याळं. देवराव बोलका माणूस होता. गिऱ्हाइकाचं उत्तर यायच्या आत पुढचा प्रश्न विचारायची त्याला सवय होती. डोळ्याला भिंग लावून त्यानं घड्याळाचं पोट उघडलं, बंद केलं, कानाशी धरलं. “मशीन तं एकदम बढिया हाय बाई. चावीच्या घड्या मरत नाईत. पन चेन गेली.” त्यानं चेनचं एक टोक चिमटीत धरून ती आडवी केली. “चांगली चेन अशी धरली का ताठ राह्यते. हे पाहा, कशी मान टाकते.” चेन मेलेल्या गांडुळासारखी खाली वळली होती. देवराव सांगत राहिला, की कड्यांना जोडणाऱ्या पिना घासून घासून सुईएवढ्या झाल्यात, पिनांची भोकं लांबट झालीत, त्यातलीच एक पिन आज तुटून पडली, बाकीच्याही आज ना उद्या पडतील. मग त्यानं एक कडी पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशनं घासली. वाटीत काळं पाणी उतरलं. “माजरीचे का तुमी? नाई, विचारून राह्यलो. हा कोयसा हाय. कोयशाची भुकटी आन् अंगाचा घाम. दोन्ही मिळून कानशीसारखं काम करते. आतल्या आत लोखंड खाते.”

रीना त्या काळ्या पाण्याकडे पाहत होती. त्यात कुणाकुणाचा घाम असेल? हे घड्याळ तिच्या सासूच्या वडिलांनी लग्नात जावयाला दिलेलं. तो जावई म्हणजे गुणवंतराव, रीनाचे सासरे. माजरीच्या कोळशाच्या खाणीत खपून म्हातारे झाले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी हे हातात घालून काढली, आणि मुलगा प्रफुल त्याच खाणीत कामाला लागला त्या दिवशी स्वतःच्या हातातलं काढून त्याच्या हातात घातलं. प्रफुल त्यांच्यासारखाच रुंद हाडाचा. त्याच्या हातात ते गच्च बसायचं. बाबूपेठच्या भाड्याच्या खोलीत तो झोपताना ते काढून पितळी ग्लासात टाकायचा, आणि ग्लासातून टिकटिक मोठी होऊन यायची. रीनाला हसू यायचं. तेव्हा ती त्याला म्हणायची, तुझ्या बापाची घडी रात्रभर बोलत राहते. बाप स्वतः मात्र तिच्याशी बोलत नव्हता. धानोऱ्याच्या पुढच्या कोसमटोल्याची, गोंडाची पोर, नर्सिंगच्या कोर्सला चंद्रपुरात आलेली, आणि मुलानं परस्पर तिच्याशी कोर्टात लग्न केलेलं. सासू-सासरे एकदाही त्या खोलीवर आले नव्हते.

“घडी कोनाची? तुमच्या मालकाची?” देवरावानं विचारलं.

“हो,” ती म्हणाली, आणि तिला वाटलं आपण खोटं बोललो.

“तुमच्या हाताच्या मानानं चेन लईच मोठी हाय. मी पिना नव्या टाकतो, भोकात बारीक नळी बसवतो, चेन टाइट करून देतो. पन संगं दोन-चार कड्या बी काढाव लागन. नाई तं नवीच चेन लावून घ्या ना. लेडीज.”

“कड्या काढू नका,” रीना म्हणाली. “त्याच मापाची राहू द्या.”

हे तिनं इतक्या पटकन आणि इतक्या जाड आवाजात म्हटलं, की देवरावानं भिंग काढून तिच्याकडे पाहिलं. आवाज तिचा नव्हता. शब्दही तिचे नव्हते. “मंग पडनच ना बाई परत,” तो म्हणाला. ती म्हणाली, पडू द्या. देवराव हसला आणि घड्याळ एका छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकून त्यानं पिशवीचं तोंड दाबलं.

रीना त्या पिशवीकडे पाहत राहिली. त्या दिवशीही तशीच पिशवी होती. थंडीतली सकाळ, धुकं, रात्रपाळी करून मोटरसायकलवर परतताना भद्रावतीच्या रस्त्यावर उभ्या ट्रकला मागून धडकलेला प्रफुल, आणि दवाखान्याच्या लांब ओट्यावर तिच्या हातात एक एक वस्तू देणारी एक बाई. हेल्मेट. बूट. पाकीट. मग ही पिशवी. रीनाच्या एका हातात हेल्मेट होतं, दुसऱ्यात बुटांच्या नाड्या, काखेत पाकीट. पिशवी फाटली आणि घड्याळ निसटायला लागलं, म्हणून तिनं ते मनगटात अडकवलं. एवढंच. मनात त्या वेळी दुसरं काही नव्हतं. प्रेम नव्हतं, आठवण नव्हती, रडूसुद्धा अजून आलेलं नव्हतं. फक्त हात कमी पडत होते. तेवढ्यात गुणवंतराव आले. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही, मनगटाकडे पाहिलं. पाहता पाहता त्यांचा चेहरा पिळवटला. ते म्हणाले, “काढू नको ते. त्याच्या हाताचं माप हाय. एक कडी बी काढू नको.” आणि थोड्या वेळानं, “घरी चाल.”

ऑटोत बसून तुकूममधल्या सासरच्या घराकडे जाताना ती पुन्हा त्यांच्या त्याच शब्दांपाशी आली. त्या शब्दांवरच तर तिचं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं होतं. गुणवंतरावांनीच धावपळ करून तिला प्रफुलच्या जागेवर खाणीच्या ऑफिसात नोकरीला लावलं. जातीतल्या चार माणसांसमोर “माही सून हाय” म्हणाले. एका लहानशा खोलीत तिची पेटी ठेवून दिली. वाईट वागले असते तर तिला त्यांचा राग करता आला असता. पण ते चांगले वागले, आणि त्यांच्या चांगुलपणाला दार नव्हतं. गळ्यातलं मंगळसूत्र गेलं होतं, त्याच्या जागी मनगटावर हे आलं. पाहुणा आला की म्हातारा तिचा हात पुढे करायला सांगायचा. “हे पाहा, प्रफुलची घडी. अजून काढली नाई पोरीनं.” पाहुणे मान डोलवत. घड्याळ कोपरापर्यंत चढायचं, हात खाली सोडला की अंगठ्याच्या बुडाशी येऊन आदळायचं. ते पडू नये म्हणून कोपर पोटाशी दुमडून चालायची तिला सवय लागली. बसमध्ये, ऑफिसात, कुठंही. ऑफिसातली पुनम एकदा म्हणाली होती, “रीनाताई, तुमचा हात मोडला होता का लहानपनी?”

आणि रोजची सकाळ. ड्यूटीची बस पकडायच्या आधी, अंघोळ झाली की ती गुणवंतरावांच्या बाजेवर बसायची आणि डावा हात त्यांच्या मांडीवर ठेवायची. ते घड्याळाला चावी द्यायचे. घड्याळ तिच्या हातातून काढून नाही, हातात असतानाच. चेन ढिली असल्यामुळे घड्याळ कडेवर उभं करता यायचं. मग त्यांची जाड, थरथरती बोटं ती बारकी चावी शोधायची, चिमटीत पकडायची, फिरवायची, निसटू द्यायची, परत पकडायची. त्यांच्या नखांत अजूनही काळी रेघ होती, ती कधी गेलीच नाही. एका हातानं ते तिचं मनगट खालून धरून ठेवत. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत बसे. श्वास हळू घेई. कधी कधी तिला वाटे, हा हात आपला नाहीच, एका मेलेल्या माणसाचा हात आपण खांद्याला लावून हिंडतोय, आणि रोज सकाळी त्याचा बाप येऊन त्याची नाडी पाहून जातो. मग तिला स्वतःची लाज वाटे. म्हाताऱ्याचं डोकं वाकलेलं असे, टाळूवरचे विरळ पांढरे केस पंख्याच्या वाऱ्यानं हलत असत. असं काही मनात आणावं असा माणूस नव्हता तो.

घरी मनकर्णानं, तिच्या सासूनं, भाजीची पिशवी हातात घेतली आणि लगेच मनगट पाहिलं. “घडी कुठी हाय?”

“चेन तुटली, आत्याबाई. दुकानात टाकली.”

मनकर्णा पिशवी घेऊन आत वळली. ती मुळातच थोडं बोलायची. बाहेरच्या खोलीतून गुणवंतरावांचा आवाज आला, “कड्या काढाले तं नाई सांगितल्या?”

“नाई, मामाजी.”

दुसऱ्या सकाळी घड्याळ नव्हतं, तरी बाजेजवळून जाताना म्हाताऱ्यानं हात पुढे केला. ती थांबली. त्यांना आठवण नसेल असं वाटून ती सांगणार होती, पण त्यांना आठवण होती. “बस,” ते म्हणाले. ती बसली आणि तिनं हात दिला. त्यांनी नेहमीसारखं खालून मनगट धरलं आणि वरच्या फिकट कातडीवर अंगठा टेकवला. नुसता टेकवून ठेवला. घड्याळाची कडा मध्ये नव्हती, धातू नव्हता, त्यांचं बोट सरळ तिच्या अंगावर होतं. पंखा फिरत होता. आतून मनकर्णाचं भांडं वाजलं आणि थांबलं. रीनाला हात ओढून घ्यावासा वाटला आणि तिनं तो ओढला नाही. म्हातारा बराच वेळ तिच्या मनगटाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “तुहं हाड तं लईच बारीक हाय.” त्याच्या आवाजात नवल होतं. इतकी वर्षं रोज हात धरला आणि हाड आज दिसलं. त्यानं हात सोडून दिला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर रीनाला रडू फुटलं आणि ते कशाचं आहे हे तिला कळेना.

त्या आठवड्यात आईचा फोन आला. कलाबाई फोनवर नेहमी जोरानं बोलायची, जणू कोसमटोल्याहून चंद्रपुरापर्यंत आवाज आपल्यालाच पोचवायचा आहे. ती गोंडीत बोलत होती आणि रीना मराठीत उत्तरं देत होती, कारण मनकर्णा तिथंच तांदूळ निवडत बसली होती. या घरात गोंडी बोलू नको असं तिला कुणी कधी म्हटलं नव्हतं. तिचं तिनंच बंद केलं होतं, आणि आता आईचा एखादा शब्द कानावर पडला की तो आधी परका वाटून मग ओळखीचा व्हायचा. आई सांगत होती, मोह पडतोय. यंदा भरपूर आहे. पहाटे झाडाखाली गेलं की जमीन फुलांनी पिवळी झालेली असते. चंदन, रीनाचा भाऊ, मोहर्लीला वाघ पाहायला येणाऱ्यांची गाडी चालवतो आणि बायकोला घेऊन तिकडंच राहतो, त्याला सीझनमध्ये सुट्टी नाही. माझ्या गुडघ्यांनी मी वाकून किती वेचू? मग आवाज खाली आणून ती म्हणाली, तू ये असं नाही म्हणत मी. नुसतं सांगितलं.

आई ये म्हणत नव्हती, कारण चंदनच्या लग्नाचं तिच्या लक्षात होतं. त्या लग्नाला रीना राहायला म्हणून गेली होती. मांडव पडला, ढोल वाजायला लागले, पोरी हातात हात गुंफून नाचायला उभ्या राहिल्या, आणि मनकर्णाचा फोन आला, यानं कालपासून अन्न तोंडात घेतलं नाही. सकाळी उठून बाजेवर बसतो, हात पुढं करून. रीना लागलीच निघाली. नाचणाऱ्या पोरींच्या मधून पिशवी घेऊन जाताना तिला कुणी अडवलं नाही. अडवलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला अजूनही वाटे. त्यानंतर ती गावी गेली की संध्याकाळच्या बसनं परत यायची. जाण्यायेण्यातच दिवस संपायचा. आईच्या अंगणात ती पाव्हणीसारखी खाटेच्या कडेवर बसायची, आणि परत निघताना आई तिच्या मनगटावरच्या घड्याळाकडे असं पाहायची की जणू तेच तिला घेऊन चाललंय.

देवरावानं चेन सुंदर केली होती. त्यानं ती आडवी धरली, आणि या वेळी ती सरळ राहिली, वेताच्या काडीसारखी. काळं सगळं निघून गेलं होतं. कड्यांच्या मधोमध कधीकाळी कोरलेली बारीक रेघ होती, ती रीनानं आज पहिल्यांदा पाहिली. “आता घालून पाहा,” तो म्हणाला. तिनं हात आत घातला. चेन घट्ट झाली होती, खुळखुळत नव्हती, तरी सबंध घड्याळ गोल फिरून मनगटाच्या खाली गेलं. देवरावानं दोन्ही हात वर केले. “मी तं मांगाच म्हटलं. चेन बरोबर झाली, पन हे तुमच्या हाताची नाई.” तो हे सहज बोलला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाच्या घड्याळात सेल टाकायला लागला.

रीना काचेच्या पेटीवर हात टेकून उभी होती. भिंतीवरच्या घड्याळांचा आवाज होत होता. तुहं हाड तं लईच बारीक हाय. म्हाताऱ्याच्या तोंडून ते निघालं तेव्हा त्याला काय दिसलं असेल? आपण ज्या हातातल्या घड्याळाला चावी देतोय तो हात प्रफुलचा नाही, हे? आणि मग उद्या सकाळी तो परत हात पुढे करील, परवा करील, ती केस पांढरे होईतो बाजेवर बसत राहील, आणि तो गेल्यावरही सकाळी अंघोळ करून ती त्या बाजेवर बसेल, कारण तोवर दुसरं काही तिला येत नसेल.  बोळात हवा नव्हती. “काढा,” ती म्हणाली.

“काय काढू?”

“कड्या. जास्तीच्या.”

“पक्कं ना? मंग पुन्हा जोडाले नका सांगू.”

“काढा म्हटलं ना भाऊ.”

त्यानं बारीक टोच्यानं पिना ढकलल्या. टक, टक असा आवाज झाला आणि कड्या काचेवर पडल्या. तिला वाटलं होतं आता काहीतरी होईल, रडू येईल किंवा बोळाच्या तोंडाशी गुणवंतराव उभे दिसतील. काहीच झालं नाही. देवरावानं तिच्या मनगटावर चेन मिटली, खटका बसला, आणि घड्याळ जिथल्या तिथं राहिलं. तिनं हात खाली सोडला, वर केला, हलवला. ते हललं नाही. देवराव म्हणाला, “आता पाहा, आता झाली तुमची.” आणि नेमक्या त्याच क्षणी तिला भीती वाटली. आजवर ते दुसऱ्याचं होतं. मोठं होतं, ढिलं होतं, वांग्याच्या ढिगात पडून जाऊ शकत होतं. आता ते तिच्या हाडावर तिच्याच मापानं बसलं होतं, आणि हे तिनंच करून घेतलं होतं. घरी येईपर्यंत ती ते आतल्या आत धडधडताना ऐकत होती; ते घड्याळ होतं की तिचीच नाडी, हे तिला सांगता आलं नसतं.

सकाळी ती बाजेवर बसली. गुणवंतरावांनी हात धरला, घड्याळ कडेवर उभं करायला गेले, आणि ते उभं राहीना. त्यांनी चावीखाली नख घालून पाहिलं. बोट निसटलं. परत घातलं, परत निसटलं. नख तिच्या कातडीत रुतलं. मग त्यांनी मान वर केली.

“कड्या काढल्या तुनं.”

“हो, मामाजी.”

“मी सांगितलं होतं.”

“माह्या हातात राहत नव्हती. पडली होती बाजारात. मले समजलं बी नाई पडली ते.”

मनकर्णा दारात येऊन उभी राहिली होती, हातात पीठ. म्हाताऱ्याचे ओठ हलत होते. त्यांनी पुन्हा एकदा चावी धरायचा प्रयत्न केला, आता जोरानं, चिडून, एखादं झाकण उघडत नसावं तसं. रीनानं दुसऱ्या हातानं चेनचा खटका उघडला, घड्याळ काढलं आणि त्यांच्या तळहातावर ठेवलं. “अशी द्या चावी,” ती म्हणाली.

त्यांनी चावी दिली नाही. तळहातावरचं घड्याळ ते नुसतं पाहत राहिले. “आता काढून देतेस,” ते म्हणाले, “मंग जाशील.”

त्यांनी हे इतक्या साध्या आवाजात म्हटलं की रीनाला पहिल्यांदाच त्यांच्या भीतीचा चेहरा दिसला. तिला खोटं बोलता आलं असतं. तोंडात शब्द तयारही होते. कुठी जाईन मी मामाजी, इथीच तं हाव. पण ते शब्द तिनं इतक्या वेळा वापरले होते की आज ते बाहेरच येईनात.

“मी आईकडं जाऊन राह्यली. मोह वेचाले. सुट्टी टाकली हाय.”

“कवा येशील?”

“मोह सरला का.”

“कवा सरते मोह?”

“मामाजी, मी येतो ना. पन संध्याकाळच्या बसनं नाई येनार. राहीन तिथी.”

 मग मनकर्णा पुढे आली. पिठाचा हात लुगड्याला पुसून तिनं नवऱ्याच्या हातातलं घड्याळ उचललं, त्याचा डावा हात धरला आणि चेन त्याच्या मनगटाभोवती घातली. रीनाला वाटलं ती बसणार नाही. तिच्या बारीक हाडाच्या मापाची चेन त्या हातात कशी बसेल? मनकर्णानं खटका दाबला. खट्. बसली. तिघंही त्या हाताकडे पाहत राहिले. केवढा रुंद हात होता तो, दवाखान्याच्या ओट्यावर म्हाताऱ्यानं तिच्याकडून हेल्मेट घेतलं तेव्हा. तो कधी असा झाला, रोज मांडीवर हात ठेवूनही तिला दिसलं नव्हतं. नुसती शीर आणि हाड. “बरोबर हाय तुमाले,” मनकर्णा म्हणाली. “माह्या बापानं तुमालेच देल्ली होती.” आणि ती पोळ्या करायला आत निघून गेली.

रीना दुपारच्या बसनं निघाली. मूलचा थांबा गेला, सावलीचा थांबा गेला, बाहेर पळसाची झाडं लाल होऊन उभी होती आणि तिचं लक्ष लागत नव्हतं. निघताना गुणवंतरावांनी तोंड फिरवून घेतलं होतं. प्रत्येक थांब्यावर तिला वाटे, उतरावं. वैनगंगेचा पूल आला तेव्हा तिनं पिशवी मांडीवर घेतली, परत खाली ठेवली. गडचिरोलीला बस बदलली. धानोऱ्याच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, आणि गाडी सुटायच्या आतच फोन वाजला. मनकर्णाचा होता.

“कुठी पोचली?”

“गडचिरोलीले. गाडी लागली हाय धानोऱ्याची.” मग तिच्यानं राहवलं नाही. “मामाजी जेवले?”

 “नाई जेवला,” मनकर्णा म्हणाली.

रीना उठून उभी राहिली. समोरच्या फलाटावर चंद्रपूरची गाडी उभी होती, इंजिन सुरू होतं. “मी येतो आत्याबाई. गाडी उभीच हाय.”

“तुले कोन म्हटलं ये म्हनून?” मनकर्णाचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तिनं तो चढलेला ऐकला नव्हता. “तो माहा नवरा हाय. भूक लागली का जेवन. नाई जेवला तं मी पाह्यतो काय कराचं ते. तू येऊ नको.” आणि मग, “तुह्या आईले सांग, मी इचारलं म्हनून.” फोन बंद झाला.

“बाई, उतरता का बसता?” मागचा माणूस म्हणाला. कंडक्टरनं दार ओढून घेतलं होतं. रीना उभीच होती, वरचा दांडा धरून, आणि चंद्रपूरच्या गाडीची पाटी तिला स्पष्ट दिसत होती. मग ती बसली. गाडी मागे सरायला लागली तेव्हा खिडकीखाली एक बाई भाजलेल्या शेंगा घेऊन आली. रीनाला एकदम जाणवलं की तिनंही सकाळपासून काही खाल्लेलं नाही, घरात त्यानंतर जेवायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तिला भयंकर भूक लागली होती. म्हातारा तिकडे उपाशी बाजेवर पडलेला तिला दिसत होता, आणि तो दिसत असतानाच तिनं शेंगांचा पुडा घेतला, मांडीवर उघडला आणि गाडी स्टँडबाहेर पडेपर्यंत एक एक शेंग फोडून खात राहिली.